अकरा मुली आणा, मग बघू

रोडपालीतून बोलतेय. मागे ट्रेलरचे हॉर्न ऐकू आले तर सांभाळून घ्या, कळंबोलीच्या लोखंड बाजाराकडे जाणाऱ्या गाड्यांना रात्र काय नि दिवस काय. आणि जे ऐकत नाहीयेत, वाचतायत, त्यांच्यासाठी: एपिसोडमध्ये बोलले तेच इथे लिहिलंय. फक्त 'म्हणजे' आणि 'बरं का' जरा कमी केलेत.

आजची गोष्ट एका कॉलेज कोचची आहे. पण सुरुवात करते नेरुळपासून.

२१ ऑक्टोबर २०२२. डी. वाय. पाटील स्टेडियम. सतरा वर्षांखालील मुलींच्या फुटबॉल विश्वचषकाची उपांत्यपूर्व फेरी, अमेरिका विरुद्ध नायजेरिया. मानसरोवर स्टेशनवरून लोकल पकडून मी एकटीच गेले होते. सामना १-१ सुटला आणि पेनल्टीवर नायजेरियाच्या मुलींनी अमेरिकेला घरी पाठवलं. मी घसा बसेपर्यंत ओरडले. कारण याच अमेरिकेने दहा दिवसांपूर्वी भुवनेश्वरला आपल्या मुलींना ८-० हरवलं होतं. त्या स्पर्धेत आपण तीन सामने खेळलो, सोळा गोल खाल्ले आणि एकही केला नाही.

परतीच्या लोकलमध्ये डोक्यात एकच प्रश्न. सतरा वर्षांची मुलगी इथेही सतरा वर्षांचीच असते. मग आठ गोलांचा फरक येतो कुठून?

उत्तर शोधत शोधत मी ज्या माणसापाशी पोचले, त्याचा जन्म मुंबईचा निघाला.

जन्म मुंबई, मुक्काम जगभर

ॲन्सन डॉरन्स. जन्म ९ एप्रिल १९५१, मुंबई. लगेच 'आपला माणूस' म्हणून फेटा बांधायला नको. वडील तेल कंपनीत अधिकारी होते, बदल्या होत राहिल्या आणि हे पोरगं भारत, केनिया, इथिओपिया, सिंगापूर, बेल्जियम असं करत वाढलं. शाळेचा शेवट स्वित्झर्लंडमध्ये. अमेरिकन पासपोर्ट असलेला हा मुलगा अमेरिकेबाहेरच मोठा झाला, आणि म्हणूनच फुटबॉल खेळत मोठा झाला. तिकडे या खेळाला 'सॉकर' म्हणतात आणि त्या काळात तिथे त्याला फार कोणी विचारत नव्हतं.

पुढे तो नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात शिकायला आला. गाव चॅपेल हिल. तिथल्या संघातून खेळला, आणि १९७७ पासून त्याच विद्यापीठाच्या पुरुष संघाचा कोच झाला. सोबत वकिलीचं शिक्षण चालू होतं. ते पुढे अर्धवटच राहिलं.

आता इथपर्यंत महिला फुटबॉलचा काही संबंधच नाही. तो आला कुठून?

एक कायदा, एक मागणी

१९७२ च्या जूनमध्ये अमेरिकेत एक कायदा झाला. लोक त्याला 'टायटल नाईन' म्हणतात. थोडक्यात सांगायचं तर, केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला मुलगा-मुलगी असा भेद करता येणार नाही. त्या मूळ वाक्यात 'खेळ' हा शब्दसुद्धा नाही. पण कॉलेजातले खेळ हा शिक्षणाचाच भाग, मग मुलांच्या संघांवर पैसा आणि मुलींना टाळ्या वाजवायचं काम, हे कसं चालेल? हळूहळू विद्यापीठांना मुलींचे संघ काढणं भाग पडू लागलं.

चॅपेल हिलला काही मुली तेव्हा आपापला क्लब करून फुटबॉल खेळत होत्या. त्यांनी विद्यापीठाकडे मागणी केली की आम्हाला अधिकृत संघाचा दर्जा द्या. क्रीडा संचालक होते बिल कोबी. त्यांनी पुरुष संघाच्या तरुण कोचला या मुलींचा खेळ बघायला सांगितलं. डॉरन्स यांनी बघितला, मुलींच्या बाजूने मत दिलं, आणि नवीन संघाची जबाबदारीही त्यांच्याच गळ्यात पडली. साल १९७९. वय २८. पुढची जवळजवळ दहा वर्षं त्यांनी पुरुषांचा आणि महिलांचा, असे दोन्ही संघ सांभाळले.

इथे मी जरा थांबते. कारण मुलींनी मागणी करण्याचा प्रसंग माझ्याही आयुष्यात आलाय.

शाळेत मी राइट विंगला खेळायचे. बरी खेळायचे. दहावीनंतर ॲडमिशन घेतली, आणि पहिल्याच आठवड्यात खेळाच्या सरांकडे गेले. मुलांचा फुटबॉल संघ होता. मुलींचा? सर हसून म्हणाले, "अकरा मुली आणा, मग बघू." कॉलेजचं नाव घेत नाही, कारण हे वाक्य तुमच्यापैकी अनेकींनी आपापल्या कॉलेजात ऐकलेलं असणार. मी आणि माझी मैत्रीण, आम्ही महिनाभर वर्गावर्गांत फिरलो. आठ मुली जमल्या. त्यातल्या दोघींच्या घरून नकार आला. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत नाव कॉलेजने पाठवायचं असतं, खेळाडूला स्वतःचं नाव पाठवता येत नाही. विषय संपला. बूट माळ्यावर गेले.

मुलींनी तिकडेही मागितलं, इकडेही मागितलं. तिकडे मागणीच्या मागे कायदा उभा होता, आणि मागणी ऐकल्यावर कोणीतरी कोचला मैदानावर पाठवलं. आमच्याकडे संघ उभा करायचं काम सोळा वर्षांच्या मुलींवरच सोपवलं.

कढई

सुरुवातीला मुलींचे संघ असलेली विद्यापीठंच फार थोडी होती. पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली १९८१ मध्ये. जिंकलं चॅपेल हिल. मग ८२, ८३, ८४. मग १९८५ मध्ये अंतिम सामन्यात जॉर्ज मेसन विद्यापीठाकडून ०-२ हार. त्यानंतर १९८६ ते १९९४, सलग नऊ वर्षं विजेते. म्हणजे पहिल्या चौदा वर्षांत तेरा विजेतेपदं! मधल्या काळात सलग १०३ सामने हा संघ हरलाच नाही.

हे केलं कसं? याचं एक उत्तर सगळीकडे सापडतं. इंग्रजीत जे नाव आहे त्याचा अर्थ होतो 'स्पर्धेची कढई'. कल्पना त्यांची एकट्याची नव्हती. त्याच विद्यापीठात बास्केटबॉलचे प्रसिद्ध कोच डीन स्मिथ होते. ते सरावातल्या प्रत्येक गोष्टीची नोंद ठेवायचे. डॉरन्स यांनी ते बघितलं आणि मुलींच्या सरावात आणलं. एकास एक खेळलात, कोण जिंकलं, लिहा. धावण्यात कोण पुढे, लिहा. हेडर, गोलवर फटके, छोटे सामने, सगळ्याचा निकाल लिहायचा. आणि मग यादी करून फळ्यावर लावायची, पहिल्या नंबरपासून शेवटच्या नंबरपर्यंत. सगळ्यांना दिसेल अशी.

ऐकायला क्रूर वाटतं ना? मलाही वाटलं. पण त्यामागचं निरीक्षण बघा. मुली सामन्यात जीव तोडून खेळत, पण सरावात आपल्याच मैत्रिणीला हरवायला कचरत. का? कारण लहानपणापासून आपल्याला सांगितलेलं असतं की सगळ्यांशी गोड राहा, भांडू नको, पुढे पुढे करू नको. जिंकणारा मुलगा 'जिद्दी' आणि जिंकणारी मुलगी 'आगाऊ'. फळ्यावरची यादी म्हणजे एक प्रकारची परवानगी होती. इथे हरवणं हाच सराव आहे, त्यात मैत्री मोडत नाही.

यातली एप्रिल हाइनरिक्सची गोष्ट मला फार आवडते. १९८३ मध्ये ती संघात आली. सरावातही अशी खेळायची की समोरचीला दयामाया नाही. बाकीच्या मुली वैतागल्या आणि कोचकडे तक्रार घेऊन गेल्या. कोचने हाइनरिक्सला समज देण्याऐवजी ठरवलं की बाकीच्यांनी तिच्यासारखं व्हायचं. हीच हाइनरिक्स पुढे अमेरिकेची कर्णधार झाली आणि नंतर राष्ट्रीय संघाची कोचही.

डॉरन्स १९८६ पासून राष्ट्रीय महिला संघाचेही कोच होते. १९८७ मध्ये त्यांनी एका पंधरा वर्षांच्या मुलीला राष्ट्रीय संघात घेतलं. तिचं नाव मिया हॅम. ती पुढे चॅपेल हिललाच शिकली आणि जगातली सगळ्यात प्रसिद्ध महिला फुटबॉलपटू झाली. १९९१ मध्ये चीनमध्ये महिलांचा पहिला विश्वचषक झाला. तेव्हा सामने ९० नाही, ८० मिनिटांचे ठेवले होते, बायकांना झेपेल की नाही म्हणून! ग्वांगझूच्या अंतिम सामन्यात अमेरिकेने नॉर्वेला २-१ हरवलं. दोन्ही गोल मिशेल एकर्सचे. आणि ती चॅपेल हिलची नव्हती, दुसऱ्या विद्यापीठाची होती. म्हणजे तोपर्यंत एका कॉलेजातला प्रयोग देशभर पसरला होता. कितीतरी कॉलेजांना मुलींचा संघ, प्रत्येक संघाला कोच, त्यासाठी शिष्यवृत्ती, आणि शिष्यवृत्ती मिळते म्हणून शाळेतल्या मुलींना खेळू देणारे आईबाप. भुवनेश्वरच्या त्या आठ गोलांचं उगमस्थान मला तिथे दिसलं.

कोचला कोण विचारणार?

आता गोष्टीचा जो भाग गौरवाच्या लेखांमध्ये दोन ओळींत उरकतात, तो.

१९९८ मध्ये चॅपेल हिलच्या दोन माजी खेळाडूंनी डॉरन्स आणि विद्यापीठावर खटला भरला. आरोप असा की कोच मुलींच्या खासगी, लैंगिक आयुष्याबद्दल प्रश्न विचारायचे, त्यावर शेरेबाजी करायचे, आणि त्यामुळे संघातलं वातावरण छळाचं झालं होतं. डॉरन्स यांनी छळाचा आरोप नाकारला. एक प्रकरण २००४ मध्ये तडजोडीने मिटलं. दुसरं खालच्या कोर्टाने फेटाळलं होतं, पण २००७ मध्ये वरच्या कोर्टाने सांगितलं की हे ज्युरीसमोर चालायला हवं. २००८ मध्ये तेही मिटलं: विद्यापीठाने ३ लाख ८५ हजार डॉलर दिले आणि डॉरन्स यांनी लेखी माफी मागितली. लैंगिक विषयांवरच्या थट्टामस्करीत आपण भाग घेतला, हे त्यांनी मान्य केलं. ते पदावर राहिले. जिंकतही राहिले.

मी हे का सांगतेय? कारण यादी लावणारा, संघात घेणारा, बसवणारा, शिष्यवृत्ती ठरवणारा माणूस एकच असतो. सतरा वर्षांच्या मुलीने त्याला "सर, हा प्रश्न विचारू नका" कसं म्हणायचं? आणि बघा, त्या दोघी कोर्टात गेल्या त्या कुठल्या कायद्याच्या जोरावर? टायटल नाईनच्याच. ज्या कायद्याने संघ दिला, त्यानेच कोचला जाब विचारायची वाट दिली.

हे फक्त तिकडचं नाही. २०२२ मध्येच, विश्वचषकाच्या तयारीसाठी आपल्या सतरा वर्षांखालील मुली युरोप दौऱ्यावर होत्या, तिथून एका सहायक कोचला गैरवर्तनाच्या आरोपावरून परत बोलावलं गेलं आणि काढून टाकलं गेलं. आपल्याकडेही वाट आहे. अठरा वर्षांखालच्यांसाठी २०१२ चा पॉक्सो कायदा, आणि २०१५ च्या यूजीसी नियमांनुसार प्रत्येक कॉलेजात अंतर्गत तक्रार समिती असायलाच हवी. समितीतल्या लोकांची नावं कॉलेजात लावलेली असली पाहिजेत. तुमच्या कॉलेजात ती कुठे लावलीत, हे एकदा बघून ठेवा. काही झालेलं नसतानाच बघा.

आणि आपण तेव्हा कुठे होतो?

मला वाटायचं आपण सुरुवातच उशिरा केली. साफ चूक.

१९७५ मध्ये भारतात महिला फुटबॉलचा स्वतंत्र महासंघ स्थापन झाला आणि त्याच वर्षी लखनौला पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. राष्ट्रीय संघाचे पहिले कोच होते कोलकात्याचे सुशील भट्टाचार्य. म्हणजे चॅपेल हिलच्या चार वर्षं आधी! जानेवारी १९८० मध्ये आशियाई स्पर्धा आपल्याकडे, कालिकतला झाली. यजमान म्हणून आपण दोन संघ उतरवले आणि त्यातला एक थेट अंतिम फेरीत गेला. १९८३ मध्ये बँकॉकला पुन्हा अंतिम फेरी. त्याच वर्षी शांती मल्लिक यांना अर्जुन पुरस्कार मिळाला, महिला फुटबॉलपटूला मिळालेला पहिला. डॉरन्स चॅपेल हिलला नवा संघ बांधत होते, तेव्हा आपण आशियात दुसरे होतो.

मग? मग खाली काहीच नव्हतं. महिलांचा महासंघ वेगळा, देशाचा मुख्य फुटबॉल महासंघ वेगळा. मुख्य महासंघाने महिलांचा कारभार हातात घेतला तो नव्वदच्या दशकात. पण कॉलेज संघांची साखळी नाही, लीग नाही, पगार नाही. १९९१ च्या विश्वचषकात आपण नव्हतो. २००९ मध्ये तर सामनेच खेळलो नाही म्हणून फिफाच्या क्रमवारीतून नाव गळालं. महिलांची राष्ट्रीय लीग सुरू झाली २०१६-१७ च्या हंगामात. आणि वरिष्ठ महिला संघाला पहिली महिला मुख्य कोच मिळाली २०१७ मध्ये, गोव्याच्या मेमोल रॉकी. स्वतः देशासाठी खेळलेल्या.

गुणवान मुली दोन्हीकडे होत्या. फरक दर वर्षी जूनमध्ये पडायचा. तिकडे जुन्या मुली बाहेर पडल्या की नव्या यायच्या आणि संघ जागेवर असायचा. आपल्याकडे चांगली पिढी खेळून संपली की पाटी कोरी.

डॉरन्स यांच्याबद्दलही हे बोलायला हवं. त्यांना आघाडी मिळाली, कारण सुरुवातीला मैदान मोकळं होतं. बाकीच्या विद्यापीठांनी पैसा ओतला तसा त्यांचा वेग कमी झाला. एकूण २२ विजेतेपदं, पण शेवटचं २०१२ चं. त्यानंतर २०१८, २०१९ आणि २०२२, तिन्ही अंतिम सामने हरले. २०२२ ला तर २-० पुढे होते, आणि अगदी शेवटच्या सेकंदांत बरोबरी झाली, मग जादा वेळेत हार. ऑगस्ट २०२४ मध्ये, हंगाम तोंडावर असताना, ७३ व्या वर्षी ते निवृत्त झाले. सहायक डेमन नाहास यांच्याकडे संघ आला. लोकांना वाटलं, आता संपलं. डिसेंबरमध्ये तोच संघ राष्ट्रीय विजेता झाला. कोच गेल्यावरही संघ जिंकतो, ही मला २२ विजेतेपदांपेक्षा मोठी गोष्ट वाटते.

आणि आपणही अगदीच जागच्या जागी नाही. जानेवारी २०२२ मध्ये आशियाई स्पर्धा आपल्या नवी मुंबईत होती, पण कोरोनामुळे संघ उभा करण्याइतक्या मुली उरल्या नाहीत आणि घरच्या स्पर्धेतून बाहेर पडावं लागलं. तो संघ रडत हॉटेलमध्ये बसला असेल, इथून अर्ध्या तासावर. पण जुलै २०२५ मध्ये आपल्या मुलींनी थायलंडला त्यांच्याच देशात २-१ हरवलं आणि पात्रता फेरी जिंकून आशियाई स्पर्धेत जागा मिळवली. पहिल्यांदाच.

रविवारची वही

त्या नेरुळच्या सामन्यानंतर मी माळ्यावरचे बूट काढले. एकाचा सोल निघाला होता. मोच्याकडून शिवून घेतला.

आता रविवारी सकाळी रोडपालीत तळ्याच्या बाजूला मोकळ्या जागेत आम्ही खेळतो. चौदा मुली आहेत. काही सोसायट्यांमधल्या, काही गावातल्या. मी कोच वगैरे नाही, मला सगळ्या ताई म्हणतात. माझ्याकडे एक शंभर पानी वही आहे. एकास एक कोण जिंकलं, ते मी लिहिते. यादी मात्र फळ्यावर लावत नाही, जिला बघायची तिने वही मागून बघायची. आणि सरावाला एकीची तरी आई हजर पाहिजे, हा नियम पहिल्या दिवसापासून.

मागच्या महिन्यात नववीतल्या एका मुलीने मला बाजूला घेऊन विचारलं, "ताई, ती माझी बेस्ट फ्रेंड आहे. तिला हरवलं तर तुम्ही लिहिणारच का?" म्हटलं, लिहिणार. ती थोडा वेळ गप्प. मग मैदानात गेली आणि पाचपैकी चार वेळा मैत्रिणीला चकवून गेली. नंतर दोघी एकाच सायकलवरून घरी. पुढच्या रविवारी मैत्रीण पंधरा मिनिटं आधी आली होती, एकटीच बॉल घेऊन.

दोघी दीड वर्षात कॉलेजला जातील. म्हणून एक काम सांगते, दहावीच्या पोरींना आणि त्यांच्या दादा-ताईंनाही. ॲडमिशनच्या वेळी कॅन्टीन कसं आहे, वायफाय आहे का, हे विचारताच. सोबत हेही विचारा: मुलींचा फुटबॉल संघ आहे का? कोच कोण आहे? नसेल तर उत्तर काय येतं ते मला पाठवा. 'अकरा मुली आणा, मग बघू' असं आलं तर घाबरू नका.

चौदा आहेत माझ्याकडे.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.